हेन्री बेमिस कोणाला वाचून दाखवणार होता?

मधुमालती

परवा रात्री ‘द ट्वायलाइट झोन’चा ‘टाइम इनफ अ‍ॅट लास्ट’ हा भाग पुन्हा पाहिला. आधी पाहिला होता तो कॉलेजात असताना, आणि तेव्हा शेवट पाहून कितीतरी वेळ काही सुचलं नव्हतं. या वेळी मात्र शेवटापेक्षा मधलाच एक प्रसंग डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढतेय. पुढे शेवटासकट सगळं सांगितलेलं आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी २५ मिनिटं काढा आणि मग इथे या.

मालिका ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात: रॉड सर्लिंगने उभी केलेली ही अमेरिकन मालिका सीबीएसवर २ ऑक्टोबर १९५९ ला सुरू झाली आणि १९६४ पर्यंत चालली. पाच हंगाम, १५६ भाग, दर भागाला नवी गोष्ट आणि नवी माणसं. त्यातले ९२ भाग एकट्या सर्लिंगच्या हातचे. हा आठवा भाग, २० नोव्हेंबर १९५९ चा. मूळ कथा लिन व्हेनेबल यांची, १९५३ साली ‘इफ’ मासिकात आलेली. दिग्दर्शक जॉन ब्राम, आणि हेन्री बेमिस झालाय बर्जेस मेरेडिथ.

बेमिस बँकेत काउंटरवर बसतो. जाड भिंगांचा चष्मा. वाचनाचं वेड इतकं, की गिऱ्हाइकाला पैसे मोजून देताना तो ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’ची गोष्ट सांगत सुटतो आणि मोजणी चुकतो. साहेब खोलीत बोलावून झापतात. तेव्हा तो सांगतो, की बायको घरात काहीच वाचू देत नाही. वर्तमानपत्र नाही, मासिक नाही. शेवटी जेवणाच्या टेबलावरच्या बाटल्यांची लेबलं वाचायला लागलो, तर आता केचपची बाटलीही हाताला लागू देत नाही.

आणि मग तो प्रसंग. संध्याकाळी शेजाऱ्यांकडे पत्ते खेळायला जायचंय. बेमिस कवितांचं पुस्तक लपवून बरोबर न्यायच्या बेतात असतो. बायको, हेलन, ते पकडते. आणि रागवायच्या ऐवजी म्हणते, यातलं मला काही वाचून दाखव ना. त्या क्षणी मेरेडिथचा चेहरा बघा. एवढा मोठा माणूस, पण दिवाळीत नवे कपडे मिळालेल्या पोरासारखा उजळतो. घाईघाईने पुस्तक उघडतो. पान शाईने खोडलेलं. पुढचं पान, तेही. तिने एकेक ओळ बसून खोडलेली आहे. तो पानं उलटत राहतो, एखादी तरी ओळ सुटली असेल म्हणून. मग ती पुस्तक हिसकावते आणि पानं फाडून काढते.

पुढचं बहुतेकांना माहीत असतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो वाचायला म्हणून बँकेच्या तिजोरीच्या खोलीत जाऊन बसतो. वर्तमानपत्रात हायड्रोजन बॉम्बने सर्वनाश होऊ शकतो असा मथळा असतो, आणि तेवढ्यात बॉम्ब पडतो. बाहेर येतो तर जगात तो एकटा. अन्न आहे, माणूस नाही. जीव द्यायला पिस्तूल हातात घेतो, आणि तेवढ्यात सार्वजनिक वाचनालयाची पडझड झालेली इमारत दिसते. पायऱ्यांवर तो महिन्यांप्रमाणे पुस्तकांच्या चळती लावतो: हा जानेवारी, हा फेब्रुवारी, हे पुढचं वर्ष. मग एक पुस्तक उचलायला वाकतो आणि चष्मा पडून फुटतो.

जिथे जिथे या भागाबद्दल वाचलं तिथे तिथे हाच सूर दिसला: माणसांपासून पळून पुस्तकात दडी मारणाऱ्याला मिळालेली शिक्षा. मला हे अजिबात पटत नाही. त्याच्यावर अन्याय होतोय असं मला वाटतं, आधी गोष्टीत आणि मग बघणाऱ्यांकडून. तुम्हाला काय वाटतं?

कोयनाकाठ

धागा आवडला, पण माझं मत उलट आहे. मी ३१ वर्षं कॅश काउंटरवर काढली आहेत. काउंटरवरच्या माणसाचं लक्ष समोरच्या नोटांवर हवं, दुसरीकडे कुठेही नको. संध्याकाळी रोकड जुळली नाही, तर ती जुळेपर्यंत सगळी शाखा थांबून राहते आणि कमी पडलेले पैसे ज्याच्या हातून गेले त्याने खिशातून भरायचे. त्या बाईंना कमी पैसे गेले ते त्यांनी लगेच मोजून पाहिले म्हणून कळलं. माझ्या खिडकीवर पेन्शन घ्यायला येणारी निम्मी माणसं नोटा न मोजताच पिशवीत टाकायची. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. त्यामुळे बेमिसच्या साहेबांचं बोलणं मला कठोर वाटलं नाही.

दुसरं म्हणजे, सगळं जग मेलंय. बायको, शेजारी, त्या पेन्शनवाल्या बायका, सगळे. आणि हा पायऱ्यांवर बसून खुशीत जानेवारी-फेब्रुवारी लावतोय. तो आनंद मला बघवला नाही. चष्मा फुटला तेव्हा वाईट वाटलं हे खरं, पण त्याआधीच माझं मन त्याच्यावरून उतरलं होतं.

मधुमालती

@कोयनाकाठ, नोटांबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. त्या जागी मी असते तर मीही चिडले असते.

पण तो सगळं विसरून थेट पुस्तकांकडे धावला असं झालेलं नाही. आधी तो भटकतो. जिथे घर होतं तिथे फक्त ढिगारा आणि टपालाची पेटी. टेलिफोन उचलून बघतो, पलीकडे कोणी नाही. एकटेपण असह्य झालं म्हणून तर पिस्तूल हातात घेतो, आणि याची मला क्षमा मिळेल असं स्वतःलाच बजावतो. पुस्तकं दिसतात ती या सगळ्यानंतर. बुडणाऱ्याच्या हाताला फळकुट लागावं तसा तो आनंद आहे.

आणि सर्लिंगचं शेवटचं निवेदन नीट ऐका. त्यात बेमिसला दोष दिलेला नाही. हा आता त्या ढिगाऱ्याचाच एक तुकडा, माणसाने स्वतःच्या नावावर जे करून ठेवलं त्याचाच एक अंश, असं तो म्हणतो. बोट बॉम्ब टाकणाऱ्यांकडे आहे. सर्लिंग दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिक होता, फिलिपिन्समध्ये लढला होता. उद्ध्वस्त गावं त्याने डोळ्यांनी पाहिली होती.

भिंगवाला

चष्म्याच्या दुकानातला माणूस आहे, तेव्हा माझ्या प्रांतातलं लिहितो. हा भाग मी पाहिला तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे: बेमिसचा नंबर नेमका कोणता?

जाड भिंग म्हटलं की लोक एकच समजतात, पण जाड भिंगं दोन तऱ्हेची. उणे नंबर असेल तर भिंग कडेला जाड आणि मध्ये पातळ. लांबचं दिसत नाही, जवळचं दिसतं. नंबर उणे १० असेल, तर चष्म्याशिवाय सुमारे १० सेंटिमीटरवरचं अक्षर स्वच्छ दिसेल. म्हणजे बेमिस उणे नंबरवाला असता तर पुस्तक नाकाशी धरून सगळं वाचनालय वाचू शकला असता. मान दुखली असती, इतकंच.

अधिक नंबर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे भिंग मध्ये फुगीर असतं. मोठा अधिक नंबर असलेल्या उतारवयातल्या माणसाला चष्म्याशिवाय लांबचं धूसर आणि जवळचं त्याहून धूसर. छापील पान म्हणजे नुसता करडा पट्टा. गोष्ट खरी ठरायची तर बेमिसचा नंबर अधिकच हवा.

आणि असली माणसं मी पाहिली आहेत. आपल्याकडे नव्वदच्या दशकापर्यंत मोतीबिंदूच्या शिबिरात डोळ्यातलं भिंग काढायचे, पण आत कृत्रिम भिंग बसवायची सोय बहुतेक शिबिरांत नव्हती. इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड रिडलींनी ते १९४९ मध्येच सुरू केलं होतं, पण गावच्या शिबिरापर्यंत यायला त्याला चाळीसेक वर्षं लागली. तोवर पट्टी सोडली की हातात अधिक १० चा चष्मा. माझ्या आजोबांचा तसाच होता. त्यातून त्यांचे डोळे केवढे मोठे दिसायचे! एकदा शेतात बांधावरून घसरले आणि चष्मा फुटला. नवा यायला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस आजोबा ओसरीवर एका जागी बसून होते. रोजचं वर्तमानपत्र यायचं, ते घडी न मोडता मांडीवर ठेवायचे. मी सहावीत होतो. त्या मांडीवरच्या घडीमुळेच मी या धंद्यात आलो असं मला वाटतं.

त्यामुळे फुटका चष्मा हातात घेऊन बसलेला बेमिस मला काल्पनिक वाटतच नाही.

रानजाई

@भिंगवाला, आजोबांचं वाचून गलबलून आलं.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. माझा नंबर अधिक ६ आहे. बारावीच्या परीक्षेला जाताना बसमध्ये चेंगराचेंगरी झाली आणि चष्म्याची दोन्ही भिंगं गेली. पर्यवेक्षक बाईंनी माझं रडणं पाहिलं. त्यांनी जुन्या पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, कागद टाचायच्या टाचणीने त्याला बारीक भोक पाडलं आणि म्हणाल्या, एक डोळा मीट, दुसऱ्या डोळ्याला हे अगदी चिकटवून बघ. प्रश्नपत्रिका दिसली! एका वेळी दोन-तीन शब्दच, पण स्वच्छ. मला खिडकीजवळ उन्हात बसवलं आणि मी सगळा पेपर तसाच सोडवला. म्हणून बेमिसला पाहताना मला टीव्हीत शिरून सांगावंसं वाटतं, अहो, टाचणी शोधा.

भिंगवाला

@रानजाई, त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. अगदी बरोबर उपाय. डोळे तपासताना आम्हीही भोकाची चकती लावून बघतो. बारीक भोकातून उजेडाची अगदी अरुंद शलाका आत जाते, त्यामुळे ती पडद्यावर फार फाकत नाही आणि अक्षर उमटतं. नंबर कितीही असो, फायदा होतो. मात्र उजेड भरपूर हवा, आणि नंबर फार मोठा असेल तर अक्षर थोडं पुसट राहतंच. पण तो उघड्या आकाशाखाली पायऱ्यांवर बसलाय, आणि वेळ तर हवा तेवढा आहे. दिवसाला चार पानं झाली असती.

खरं तर त्या उद्ध्वस्त गावात चष्म्याचं एखादं दुकानही सापडलं असतं. पण चष्म्याशिवाय शोधणार कसा, हा प्रश्न आहेच.

सायंतारा

मला हेलनबद्दल बोलायचंय, कारण तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही.

दिवसभर घरात एकटी असलेली बाई. संध्याकाळी नवरा येतो आणि वर्तमानपत्राच्या आड जातो. शेजाऱ्यांकडे पत्ते खेळायला जाणं ही तिची आठवड्यातली एकमेव करमणूक असेल. तिथेही तो खिशात पुस्तक घालून निघालाय. हे घर मी ओळखते. माझ्या आईने असं घर चालवलंय, फक्त बाबांच्या हातात पुस्तकाऐवजी रेडिओ होता. हेलनला राग का येतो हे गोष्ट सांगतच नाही. तिला नुसती कजाग करून ठेवलंय. मूळ कथा एका बाईने लिहिलेली आहे हे मला या धाग्यावरच कळलं, आणि आता ती शोधून वाचणार आहे.

तरीही. एकेक ओळ शाईने खोडायला किती वेळ लागला असेल याचा विचार करून बघा. पूर्ण पुस्तक! रागाच्या भरात पानं फाडणं समजू शकते. पण दुपारभर टेबलाशी बसून ओळीमागून ओळ खोडायची, आणि मग गोड आवाजात “वाचून दाखव ना” म्हणायचं, हे मला क्षमा करता येत नाही. बॉम्बपेक्षा मला त्या दुपारीची भीती वाटली.

कोयनाकाठ

@सायंतारा, हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. ती दुपार.

ईशान्य वारा

मी बिंगहॅम्टनला राहतो, न्यू यॉर्क राज्यात. सर्लिंग इथेच वाढला. इथल्या रिक्रिएशन पार्कात लहान मुलांचा जुना लाकडी घोड्यांचा पाळणा आहे आणि वाद्यवृंदाच्या मंडपात सर्लिंगच्या नावाची पाटी आहे. ‘वॉकिंग डिस्टन्स’ हा भाग या बागेच्या आठवणीतून आला. मुलीला घेऊन दर उन्हाळ्यात जातो, त्या पाटीजवळ दोन मिनिटं थांबतोच.

धाग्याशी जोडून एक सुचवतो. याच मालिकेत मेरेडिथने आणखी तीन भाग केले. त्यातला ‘द ऑब्सोलीट मॅन’ (२ जून १९६१) बेमिसच्या जोडीने पाहा. तिथे तो ग्रंथपाल आहे, नाव वर्ड्सवर्थ. राज्यसत्तेने पुस्तकं रद्द केली आहेत, म्हणजे ग्रंथपालही निरुपयोगी, म्हणून मृत्युदंड. कसं मरायचं ते त्याने ठरवायचं. तो स्वतःच्या खोलीत, मध्यरात्री, बॉम्बने मरणं निवडतो, आणि सत्तेचा तो मोठा अधिकारी भेटायला आल्यावर दार कुलूपबंद करून त्यालाही आत ठेवतो. सगळा देश टीव्हीवर बघतोय. बॉम्बची टिकटिक चालू असताना वर्ड्सवर्थ लपवून ठेवलेलं बायबल काढतो आणि शांतपणे मोठ्याने वाचायला लागतो. अधिकारी घामाने निथळत ऐकतोय.

तोच नट, तीच पुस्तकं, तोच बॉम्ब. पण या माणसाचा चेहरा मरतानाही बेमिसइतका दुःखी नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही.

मधुमालती

@ईशान्य वारा, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री लगेच तो भाग पाहिला. आणि मला जे पहिल्या पोस्टमध्ये सांगता आलं नव्हतं ते आता सांगता येईल असं वाटतंय. थोडं घरचं आहे.

माझ्या बाबांना काचबिंदू आहे. उशिरा कळला. चार वर्षांपासून त्यांना वाचता येत नाही, आणि @भिंगवाला, यात टाचणीचं भोकही उपयोगाचं नाही, डॉक्टरांनी सगळं करून पाहिलं. आयुष्यभर वाचलेला माणूस. निवृत्तीनंतर वाचू म्हणून पुस्तकं विकत घेऊन कपाटात लावून ठेवायचे, वरच्या खणात, खालच्या खणात. त्या कपाटापुढे मी उभीसुद्धा राहत नाही फार वेळ. पायऱ्यांवरच्या त्या चळती पाहिल्या तेव्हा मला बाबांचं कपाटच दिसलं होतं. म्हणूनच हा धागा काढला, आता खरं सांगते.

रविवारी त्यांना हा सगळा भाग तोंडी सांगितला. अगदी केचपच्या बाटलीपासून. शेवट सांगू की नको असं झालं होतं, पण अर्ध्यात थांबले असते तर त्यांनी सोडलं नसतं. चष्मा फुटल्याचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “चष्म्याचं काय एवढं. मलाही दिसत नाही. त्याला वाचून दाखवायला कोणी उरलं नाही गं.”

मग मी पुन्हा पहिल्यापासून पाहिला, फक्त याच नजरेने. आणि मी चकित झाले. बेमिस पहिल्या दृश्यापासून कोणाला ना कोणाला तरी पुस्तक सांगायला धडपडतोय! काउंटरवरच्या बाईंना तो म्हणतो, तुम्ही ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’ वाचलंय का? त्या पोराचे वडील गेले, आईने मर्डस्टनशी लग्न केलं, मर्डस्टन! नावच कसं खलनायकाचं आहे, आणि त्याची ती बहीण जेन. पैसे चुकतात ते वाचताना नव्हे, सांगताना. साहेबांपुढेही तेच, आणि ते तोडून टाकतात. हेलन जेव्हा खोटंखोटं म्हणते की वाचून दाखव, तेव्हा तो का उजळतो ते आता कळलं. सबंध भागात त्याला ऐकायला तयार असलेलं एकच माणूस भेटतं, तेही सापळा म्हणून.

हा माणूस माणसांपासून पळणारा नाही. त्याला कोणी ऐकून घेतलं नाही म्हणून तो तिजोरीत जाऊन बसला. आणि वर्ड्सवर्थचा चेहरा शांत का, तर तो मोठ्याने वाचतोय आणि समोर कोणीतरी ऐकतंय. वैरी का असेना.

@कोयनाकाठ, तुमच्या नोटा चुकल्याच. पण त्या बाईंनी “मग पुढे काय झालं?” एवढं विचारलं असतं तर?

कोयनाकाठ

ताई, मी पुन्हा पाहिला. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, तो सांगतच असतो. माझ्या काउंटरवर एक शिक्षक यायचे, पासबुक पुढे सरकवतासरकवता काहीतरी वाचलेलं सांगायचे. मागे रांग असायची, मी मान हलवून “पुढचे या” म्हणायचो. ते वारले त्याला आठ वर्षं झाली. ते काय सांगत होते ते आता आठवायचा प्रयत्न करतोय.

नोटांबद्दलचं मत मात्र कायम आहे.

सायंतारा

बाबांना माझा नमस्कार, मधुमालती. त्यांचं वाक्य मी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, रेडिओवरची गोष्ट तरी ते मला सांगायचे.

भिंगवाला

काचबिंदू असलेल्यांच्या घरच्यांना कळकळीने सांगतो, कारण धागा वाचणाऱ्यांत असे असतील. सख्ख्या नातेवाइकाला काचबिंदू असेल तर आपल्याला होण्याची शक्यता वाढते. सुरुवातीला दुखत नाही, दिसायचंही कमी झालंय असं वाटत नाही, कडेची नजर हळूहळू जाते. गेलेली परत येत नाही, पण वेळेत औषध सुरू झालं तर उरलेली बहुतेक वेळा टिकवता येते. मधुमालती, तुम्ही स्वतः डोळ्यांचा दाब आणि आतला पडदा दोन्ही तपासून घ्या. नुसता चष्म्याचा नंबर काढून चालणार नाही.

मधुमालती

@भिंगवाला, वेळ घेतली आहे, पुढच्या गुरुवारची. आभार.

आणि एक कळवायचं राहिलं. बाबांनी विचारलं, तो बँकेतला माणूस त्या बाईंना जे सांगत होता ते पुढे काय होतं? मी म्हटलं, मीही वाचलेलं नाही. तर म्हणाले, कपाटात डावीकडे खालून दुसऱ्या खणात बघ. होतं. बाबांच्या सहीचं, १९८३ साली घेतलेलं, पानं पिवळी पडलेली. इंग्रजी आहे, त्यामुळे मी एकेक वाक्य वाचते आणि जमेल तसं मराठीत सांगते. बाबांचं इंग्रजी माझ्याहून चांगलं, ते मध्येच थांबवून शब्द दुरुस्त करतात. रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास. आत्ता मर्डस्टन घरात आलाय आणि जेन तिच्या काळ्या कडक पेट्या घेऊन उतरली आहे. काल वीज गेली तेव्हा मी मोबाइलचा दिवा लावला. बाबा म्हणाले, “मला कशाला दिवा, तू वाच.”